सहाबारीवरची अक्षरं

जुनं रिव्हॉल्व्हर विकायला काढणारा पहिला प्रश्न विचारतो, “याचे किती येतील?” घेणारा विचारतो, “यात किती घालावे?” मी दोघांनाही थांबवतो. वस्तू कोणती, कुणी बनवली, कोणत्या काडतुसाची, आणि आपल्या जिल्ह्यात कुठून आली, हे कळल्याशिवाय पैशाची गोष्ट निघूच नये असं माझं मत आहे.

माझी नोकरी पोलीस खात्यात आर्मोरर म्हणून झाली. आधी भंडाऱ्याला, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर इकडे. सरकारी शस्त्रं दुरुस्त करण्यात दिवस गेले, पण जीव गुंतला तो लोकांच्या घरच्या जुन्या शस्त्रांत. निवृत्तीनंतर आमगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगाव भागातली जुनी मालगुजारांची घरं बोलावतात. आजोबांच्या नावचं शस्त्र असतं, नातू नागपूरला किंवा पुण्याला नोकरीत असतो, आणि घेणारा दारात बसलेला असतो. परवानाधारक समोर हजर आणि परवाना टेबलावर असेल तरच मी हात लावतो.

आपल्या भागात अशी शस्त्रं इतकी का सापडतात, याचं उत्तर जमिनीच्या इतिहासात आहे. भंडारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा हा सगळा पट्टा जमीनदाऱ्यांचा. कामठा, आमगाव ही त्यातली ठळक नावं. कामठ्याच्या चिमणा पाटलाने १८१८ साली इंग्रजांशी उघड लढाई केली होती. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरवलं. त्या कायद्याच्या नियमांत गोऱ्यांना सूट होती, सामान्य हिंदी माणसाला नव्हती. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. तेव्हा गावात एखाद्याच्या कमरेला सहाबारी दिसली की साहेबाचा त्याच्यावर विश्वास आहे, एवढं सगळ्यांना कळायचं. धान राखायला भरमार बंदूक किंवा बारा बोअर पुरे. रानडुकरावर कुणी रिव्हॉल्व्हर झाडत नाही. रिव्हॉल्व्हर हे मान दाखवायचं आणि पैसा राखायचं साधन होतं. वसुलीचा पैसा, पुढे धानाच्या गिरण्यांचा आणि बिडीच्या धंद्याचा पैसा, हा सगळा जंगलातल्या रस्त्यांनी रोख फिरत असे.

ती आली कुठून? माझ्या हातून गेलेल्या जुन्या नागरी रिव्हॉल्व्हरांपैकी बऱ्याच नळ्यांच्या वरच्या पट्टीवर मुंबईचं नाही, कलकत्त्याच्या दुकानाचं नाव मी वाचलं आहे. याचं कारण रेल्वे. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी लाइन १८८० च्या दशकात टाकली गेली, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन रुंद केली, आणि १९०० पर्यंत गाडी थेट हावड्याशी जोडली गेली. गोंदियाचा माणूस सरकारदरबारी नागपूरकडे बघायचा, पण विलायती माल हावड्याकडूनही यायचा. विलायतेतला कारखाना रिव्हॉल्व्हर बनवी आणि कलकत्त्याचा व्यापारी पट्टीवर आपलं नाव कोरून घेई. आमगावकडच्या एका घरात मी वेब्ली या विलायती कारखान्याचं ३२ बोअरचं छोटं रिव्हॉल्व्हर पाहिलं, त्यावर रॉडा कंपनीचं नाव आहे. हीच ती कलकत्त्याची आर. बी. रॉडा कंपनी, जिचा माल २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी पळवला. ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं त्या दिवशी गायब झाली आणि पुढची कित्येक वर्षं इंग्रज सरकार त्यातलं एकेक पिस्तूल शोधत राहिलं. त्या दुकानाने विकलेलं रिव्हॉल्व्हर आमगावात एका लाकडी पेटीत आहे, हे त्या घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मी भिंगातून अक्षरं वाचून दाखवली तेव्हा घरातली म्हातारी आजी चष्मा लावून जवळ आली आणि त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली.

म्हणून मी आधी वाचतो. पण त्याच्याही आधी रिकामं करतो. वेब्लीच्या डाव्या अंगाला अंगठ्याजवळ खटका असतो. तो दाबून नळी खाली झुकवली की रिव्हॉल्व्हर मधून उघडतं आणि चक्रीच्या मागचा एक्स्ट्रॅक्टर वर येतो. सहाही घरं डोळ्यांनी बघायची, मग बोटाने चाचपायची. “रिकामंच आहे” हे मालकाचं म्हणणं कधीच पुरेसं धरू नये. घरात वीस वर्षं पडून असलेल्या शस्त्रातून मी जिवंत काडतूस काढलं आहे.

मग भिंग आणि टॉर्च. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची स्थापना १८१३ ची. तिथे नळी आणि चक्री जादा दारू घालून उडवून बघत आणि टिकली तर शिक्का मारत. मुकुटाखाली एन. पी. ही अक्षरं असली तर धूरविरहित दारूची परीक्षा झाली आहे, आणि हा शिक्का १९०४ पासूनचा. त्याआधीचं रिव्हॉल्व्हर बहुधा काळ्या दारूच्या हिशेबाने बनलेलं असतं. ते दिसायला कितीही देखणं असो, त्यात आजचं काडतूस घालून उडवायचा विचार मनातून काढून टाकावा. ३२० च्या जुन्या विलायती खिसारिव्हॉल्व्हरात आजचं आखूड ३२ चं काडतूस कधी कधी आत जातं. आत गेलं म्हणजे ते त्या शस्त्राचं झालं असं नाही.

लंबवर्तुळात ई. एल. जी. असेल तर माल बेल्जियमच्या लीएजचा. तिथे इंग्रजी नमुन्यांच्या नकला भरपूर बनत आणि त्यातल्या काही चांगल्याही होत्या. इंग्लंडच्या प्रूफ हाउसमधून गेलेल्या परदेशी मालावर काही काळ ‘नॉट इंग्लिश मेक’ असा स्पष्ट शिक्का मारत. तेवढीच ओळ कुणीतरी कानशीने घासून काढलेली मी पाहिली आहे. पहिल्या महायुद्धात शस्त्रं कमी पडली तेव्हा ब्रिटिश सैन्याने स्पेनमधूनही ४५५ ची रिव्हॉल्व्हरं घेतली, तेव्हा परदेशी माल म्हणजे टाकाऊ असं मी म्हणत नाही. फक्त वेब्लीचे पैसे वेब्लीलाच द्यावेत. वेब्लीची खूण पंख असलेल्या गोळीची. सैन्याच्या वेब्लीच्या नळीत सात खाचा असतात, त्या मोजाव्यात. आणि इंग्रजी अक्षरांची स्पेलिंगं वाचावीत. गावठी कारागीर लोखंड ओळखतो, पण शिक्का कोरताना एखादं अक्षर उलटं किंवा जास्तीचं मारतो.

यानंतर येतो बाण. ब्रिटिश सरकारी मालावर तीन रेघांचा रुंद बाण मारलेला असे. माल सैन्यातून रीतसर विकला गेला की त्या बाणाच्या टोकाला टोक लावून दुसरा उलटा बाण मारत. एकटा बाण असेल आणि समोरचा बाण नसेल, तर मी घेणाऱ्याला स्पष्ट विचारायला सांगतो की हे घरात कसं आलं. महायुद्धानंतर अशी शस्त्रं बक्षीस म्हणून आली, विकत आली आणि आणखी कशीकशी आली. परवान्याच्या जुन्या पानांवर त्याचा माग असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर त्या व्यवहारात पडू नये.

पण गोंदियात बसून जुनं रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो बोअरवर. आपल्याकडे ज्या पिस्तुल-रिव्हॉल्व्हरात ३८० किंवा ४५५ चं कडेचं काडतूस, अथवा सैन्याचं ९ मिलिमीटरचं किंवा ४५ चं बिनकडेचं काडतूस बसतं, ते पी. बी., म्हणजे निषिद्ध बोअरचं. त्याचा परवाना जिल्हादंडाधिकारी देत नाहीत, तो दिल्लीच्या गृह मंत्रालयाचा विषय. साध्या नागरी परवान्यावर रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुतेक वेळा ३२. आता अडचण अशी की जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरवर ‘३८ एस. अँड डब्ल्यू.’ एवढंच लिहिलेलं असतं आणि ३८० हा आकडा कुठेच नसतो. वेब्लीच्या मार्क चारवर ‘३८’ आणि शेजारी ‘१४५/२००’ असतं. पण दोन्हींत ३८० चं काडतूस सहज बसतं. नियम नळीवरचा आकडा बघत नाही, आत काय बसतं ते बघतो. देवरीकडच्या एका तरुणाने अशाच एका ३८ साठी विसार द्यायची तयारी केली होती. मी चक्रीचं घर मोजून दाखवलं आणि तुझ्या परवान्यावर हे चढणार नाही म्हणून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण पैसे वाचले आणि कोर्टाची पायरी वाचली.

इंग्रजांनी स्वतः ४५५ सोडून ३८ का धरलं, हे कळलं की आपल्याकडच्या घरांतली दोन वेगळ्या पिढ्यांची शस्त्रं ओळखता येतात. १९१५ चं वेब्ली मार्क सहा सुमारे एक किलो शंभर ग्रॅमचं, सहा इंची नळीचं, ४५५ चं. घाईने भरती केलेल्या शिपायाला ते नीट चालवता येईना. मग १९३२ मध्ये एन्फिल्डचं हलकं ३८ सैन्यात आलं. रणगाड्यातल्या शिपायांच्या कपड्यात घोडा अडकू नये म्हणून १९३८ पासून त्याच्या घोड्याचं टोकच काढून टाकलं. असा टोक नसलेला घोडा दिसला की लोक “तुटलेला आहे, किंमत कमी करा” म्हणतात. तो तुटलेला नसतो, तसाच बनवलेला असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या वेब्लीवर ‘वॉर फिनिश’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे वरून खरखरीत दिसणं हा दोष नाही, ती त्या वर्षांची खूण आहे.

अक्षरं वाचून झाली की कळ तपासायची. मालकाची परवानगी घेऊन, नळी सुरक्षित दिशेला धरून, घरांत खोटी काडतुसं घालून घोडा हळूहळू मागे ओढायचा. घोडा पूर्ण मागे बसायच्या आत चक्री आपल्या जागी अडकली पाहिजे, आणि हे सहाही घरांसाठी वेगवेगळं बघायचं. पाच घरं बरोबर आणि सहावं मागे राहणारं शस्त्र मी बरंच पाहिलं आहे. त्या सहाव्या घरातून गोळी नळीच्या तोंडाशी वाकडी येते आणि शिशाचे तुकडे बाजूला उडतात. मग घोडा वर चढलेला असताना चाप दाबून धरायचा, घोडा अंगठ्याने अलगद खाली आणायचा, आणि चाप न सोडता चक्री डावी-उजवी हलवून बघायची. थोडी हालचाल असतेच. खडखड वाजली तर मात्र अडकवणारा दात झिजलेला आहे. चक्री पुढे-मागे हलते का, तेही बघायचं. घोडा विसाव्याच्या जागी असताना त्यावर अंगठ्याने जोर दिला तर तो पुढे सरकता कामा नये. सरकला तर हे शस्त्र हातातून पडताच सुटू शकतं, आणि मग त्याची किंमत माझ्या लेखी लोखंडाची.

वेब्लीत आणखी एक जागा आहे आणि ती विकणारा कधीच दाखवत नाही: बिजागरी. नळी बंद करून एका हाताने मूठ, दुसऱ्या हाताने नळी धरून हलकेच पिरगाळायची. कट्ट आवाज आला तर बिजागरी ढिली आहे किंवा वरचा खटका झिजला आहे. जास्त जोराची काडतुसं उडवली की हे होतं. ४५५ च्या काही चक्र्यांचा मागचा भाग घासून त्यात ४५ चं बिनकडेचं काडतूस बसवतात. ते काडतूस जोराचं, ती बिजागरी त्यासाठी बनलेली नव्हती. चक्रीच्या मागे नेहमीपेक्षा जास्त फट दिसली की हा प्रकार ओळखावा.

नळी बघताना मागून पांढरा कागद धरतो आणि पुढून डोळा लावतो. आट्यांच्या कडा धारदार हव्यात. एखाद्या जागी काळसर कडं दिसलं तर तिथे नळी आतून फुगली आहे, म्हणजे कधीतरी एक गोळी आत अडकली आणि दुसरी तिच्यावर झाडली गेली. आमच्या भागातला सगळ्यात मोठा शत्रू मात्र गंज. मालगुजारांनी बांधलेल्या तलावांचा, बोड्यांचा हा मुलूख. पावसाळ्यात भिंतींनाही पाणी सुटतं. जुन्या काडतुसांच्या टोपीत जे क्षार असत, ते नळीत मिठासारखा थर ठेवून जात आणि हवेतलं पाणी ओढत. तो थर तेलाने जात नाही, गरम पाण्यानेच जातो, हे ज्या घरांना माहीत होतं त्यांच्या नळ्या आज आरशासारख्या आहेत. चामड्याच्या म्यानात कायम ठेवलेल्या शस्त्रावर म्यानाच्या आकाराचा गंज चढतो. आणि एक खास इकडची गोष्ट. धान निघायच्या आधी बांधीत लाखोरी आणि जवस फेकायची आपली उतेऱ्याची रीत. घरात जवसाचं तेल हाताशी, तर तेच रिव्हॉल्व्हरला लावलं गेलं. जवसाचं तेल वाळतं आणि त्याचा पापुद्रा होतो. आतली कमान, दात, खटका सगळं त्यात चिकटून बसतं. अशा शस्त्राचा घोडा जड लागतो आणि घेणारा “कमान गेली” म्हणून पैसे पाडतो. खोलून रॉकेलमध्ये भिजवून साफ केलं की बहुतेक वेळा ते पुन्हा नव्यासारखं चालतं. हे घेणाऱ्याने विकणाऱ्याला सांगावं. म्हातारी बाई शस्त्र विकत असेल तर तिच्या अज्ञानातून पैसे काढू नयेत, एवढं मी प्रत्येक घेणाऱ्याकडून आधी वदवून घेतो.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो चकचकीत केलेल्या शस्त्राचा. एका घराने विकण्याआधी शहरात एका कारागिराकडून निकेल चढवून आणलं. त्याने आधी पॉलिशच्या चाकावर सगळं घासलं. बर्मिंगहॅमचे शिक्के, व्यापाऱ्याचं नाव, सगळं पुसट झालं. क्रमांकाचेही शेवटचे दोन आकडे तिरप्या उजेडातच दिसतात. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या की घासकाम झालं हे नक्की समजावं. इथे फक्त मोलाचा प्रश्न नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम स्पष्ट आहे: क्रमांक किंवा ओळखखूण मिटवणं गुन्हा आहे आणि ओळखखूण नसलेलं शस्त्र विकता येत नाही. चौकट, नळी आणि चक्री यांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का आणि ते परवान्यावरच्या क्रमांकाशी जुळतात का, हे शेवटच्या आकड्यापर्यंत बघावं.

परवाना तर मी शस्त्रापेक्षाही जास्त वेळ वाचतो. आमच्या भागातल्या एकाच घराण्याच्या कागदांत पाच वेगळे शिक्के सापडतात. आधी मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५० नंतर मध्य प्रदेश, १९५६ नंतर मुंबई राज्य, १९६० नंतर महाराष्ट्राचा भंडारा जिल्हा, आणि १९९९ नंतर गोंदिया. माणूस वाड्यातून हलला नाही, शिक्के बदलत गेले. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली, गावं गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि लोक त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणू लागले. वाड्यात राहिलं ते रिव्हॉल्व्हर. निवडणूक आली की ते ठाण्यात जमा करायचं, पावती घ्यायची, नंतर परत आणायचं. त्या पावत्याही जपलेल्या असतील तर तो घराण्याचा इतिहास सलग वाचता येतो.

आता ही शस्त्रं बाजारात येत आहेत, त्यालाही कायदाच कारण आहे. १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीन शस्त्रांची मर्यादा घातली, २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. वारस शहरात, शस्त्र गावात, आणि परदेशातून नवा माल येणं ऐंशीच्या दशकापासून जवळजवळ थांबलेलं. त्यामुळे जुन्या विलायती ३२ ला लोक लाखांत पैसे मोजतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ३२ वेब्लीच्याच नमुन्यावर बनतं आणि त्याला खडकीच्या कारखान्याचं काडतूस मिळतं. रोज बाळगायला ज्याला शस्त्र हवं, त्याला मी कानपूरचंच घ्यायला सांगतो. जुनं विलायती घ्यावं ते त्याची बिजागरी, दात आणि अक्षरं शाबूत असली तर.

व्यवहार ठरला तरी हातोहात द्यायचं नसतं. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. घेणाऱ्याच्या परवान्यावर त्या प्रकारचं शस्त्र घेण्याची नोंद आधीच हवी. परवानाधारक वारला असेल तर शस्त्र ताबडतोब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं आणि मग वारसाच्या नावाचा अर्ज करावा. घरात कपाटात ठेवून वाट बघणं हा गुन्हा ठरतो, आणि शोकाच्या दिवसांत हे कुणी सांगत नाही म्हणून मी इथे लिहितो.

आणि कुणी विकत घेणार नसेल, वारसालाही नको असेल, तर शस्त्र शासनजमा होतं आणि शेवटी नष्ट केलं जातं. जमा करायच्या आधी उजेडात नेऊन त्यावरचा प्रत्येक शिक्का, प्रत्येक अक्षर, तिन्ही क्रमांक कागदावर उतरवून ठेवावे, फोटो काढावे, परवान्याच्या पहिल्या पानाची नक्कल ठेवावी. आमगावच्या त्या घराने रॉडाचं ३२ विकलं नाही. नातवाने वारसाचा अर्ज केला, आणि शंभर पानी वहीत पट्टीवरची ओळ, मुकुटाखालचे शिक्के आणि आजोबांच्या परवान्याची मध्य प्रांताची तारीख एकाखाली एक लिहून काढली.